पाण्यात भार हलका होतो, पण तोलाचे काय?

आर्किमिडीजचे तत्त्व शिकवताना आपण सांगतो, ‘पाण्यात वस्तूचे वजन कमी होते.’ जलोपचाराची माहिती देणाऱ्या लेखांतही बहुधा एवढेच असते. आमच्या मते हे अर्धेच विज्ञान आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत अपंग मुले मोजतात.

पृथ्वीची ओढ पाण्यातही तेवढीच असते. प्लावक बल वर ढकलते म्हणून पायांवरचा भार घटतो. कमरेइतक्या पाण्यात तो सुमारे निम्मा, छातीपर्यंतच्या पाण्यात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यात दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरतो. दुखऱ्या गुडघ्याला हे सोयीचेच. पण वजन गुरुत्वमध्यातून खाली आणि प्लावक बल प्लावनकेंद्रातून वर लागते. हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत नसले, की शरीर फिरते. एका बाजूचे स्नायू कृश किंवा ताठ असलेले मूल म्हणूनच पाण्यात कलंडते. ते घाबरते, आणि आपण त्याला काठावर बसवतो.

जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने १९४९ साली लंडनच्या हॅलिविक शाळेतील अपंग मुलींना पोहायला शिकवताना नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्याने तरंगण्याची साधने दूर ठेवली. प्रत्येक मुलीसोबत एक मदतनीस दिला. आधी पाण्याची भीती घालवायची, मग डोके वळवून शरीराचे फिरणे आवरायला शिकवायचे, आणि हळूहळू मदतनिसाने हात काढून घ्यायचा. या पद्धतीत मूल रुग्ण नसते, पोहणारे असते. हे तिचे मोठेपण.

तिची अडचणही मोठी आहे. प्रत्येकामागे एक प्रशिक्षित माणूस आणि कोमट पाण्याचा तलाव किती शाळांना परवडेल? शिवाय पाण्यातील व्यायामाकडून भलत्या अपेक्षा नकोत. गुडघा व खुब्याच्या झिजेवरील १३ चाचण्यांचा (११९० रुग्ण) कॉक्रेन आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेदना थोडी कमी झालेली दिसली, तीही अल्पकाळासाठी. पाणी मेलेली चेतातंतू-पेशी जिवंत करत नाही.

वर्गात मात्र एक बादली पुरे. बूच लावलेल्या रिकाम्या बाटलीच्या एका कुशीला मातीचा गोळा चिकटवा आणि ती आडवी सोडा. गोळा खाली जाईपर्यंत बाटली वळेल. का वळली आणि तिथेच का थांबली, हे मुलांना सांगू द्या. मग काठावर बसलेल्या मुलाविषयी विचारा.