कागदाचें मौन व वैद्याची साक्ष

लॉरेन्स प्रेस्टन यांचा १९८७ सालचा ‘ए राइट टु एग्झिस्ट’ हा निबंध दख्खनच्या इतिहासाभ्यासकांनीं अवश्य वाचावा असा आहे. जुन्या कागदांत ज्यांस हिजडे म्हटलें आहे, त्यांचे भिक्षेचे हक्क व इनामें पेशवाईंत राज्यमान्य होतीं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारनें ही मान्यता काढून घेतली, हें त्यांनीं सरकारी दप्तरावरून दाखविलें आहे. तेवढें ऋण आम्ही मान्य करितों. परंतु या निबंधाच्या आधारें कोणी सबंध महाराष्ट्राविषयीं निकाल देऊं लागेल, तर त्यास हटकणें प्राप्त आहे.

सूरजागडचेंच उदाहरण घ्यावें. आज गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत असलेलें हें स्थळ पूर्वी मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यांत, जमीनदाऱ्यांच्या मुलुखांत होतें. मुंबईचें दप्तर येथें पोंचत नाहीं. पश्चिमेस प्राणहितेपलीकडे निजामाचें राज्य. तेथील १३२९ फसलीचा हिजड्यांच्या नोंदणीचा कायदा (तेलंगणा उच्च न्यायालयानें तो २०२३ सालीं रद्द केला) नदी ओलांडून अलीकडे येत नव्हता. म्हणून या रानांत तृतीयपंथी नव्हतेच, असें अनुमान काढावें काय?

शिवाय जेथें कागद आहे, तेथें तरी तो काय सांगतो? १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा दुसरा भाग विशेषेंकरून वायव्य प्रांतांत राबविला गेला व १९११ सालीं रद्द झाला. त्यांत हिजडा कोण, हें कबुलीनें किंवा वैद्यकीय तपासणीनें ठरे. संशयितांचीं नांवें व मिळकत नोंदली जाई. नोंद झालेल्यास दत्तक घेण्याचा वा मृत्युपत्र करण्याचा अधिकार उरत नसे. म्हणजे वैद्य येथें प्रथम आला तो पोलिसांचा साक्षीदार म्हणून. कायदाही पुरुषदेहाविषयींच बोलतो. स्त्रीदेहांत जन्मून पुरुष म्हणून जगलेल्यांचा त्यांत मागमूस नाहीं.

ही साक्ष पुढेंही सुटली नाहीं. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शस्त्रक्रियेची अट बेकायदा ठरविली व रुग्णालयांत उपचार देण्याविषयीं सरकारांस आज्ञा केली. २०१९ च्या कायद्यानें शस्त्रक्रिया व संप्रेरक-उपचार यांची सोय सरकारवर सोंपविली. पण स्त्री वा पुरुष अशी नोंद बदलण्यास वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला पुनः मागितला.

हक्क कसा गेला, हें प्रेस्टन यांनीं सांगितलें. उपचार कसा आला, व परीक्षा दिल्यावांचून तो कोणास मिळाला, हा शोध सूरजागडसारख्या मुलुखांत वृद्धांच्या तोंडच्या हकीकती टिपूनच करावा लागेल. मात्र सांगणाऱ्याची संमति नसतां नांव लिहूं नये. नाहीं तर आमचें टिपणही १८७१ च्या नोंदवहींतलेंच एक पान होईल.