सापडले नाही म्हणजे नाही का?

मित्रहो, आजचा विषय लष्करी विमानांच्या इतिहासाचे डिजिटल संग्रह. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, विमानाशी आमचा संबंध तिकिटापुरता. मग या विषयात का पडलो, ते आधी सांगतो.

तासगावकडचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. वडील हवाई दलात इंजिनावर काम करीत. नातवाने इंटरनेटवर आजोबांचे नाव शोधले, काही आले नाही. गृहस्थ म्हणाले, "सर, म्हणजे वडिलांची नोंदच नाही म्हणायची?"

कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण अट अशी, की घडा असता तर तो दिसला असता. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की या संग्रहांत उजेड कितपत आहे?

उजेड आहे, हे आधी मान्य करू. भारत-रक्षकसारख्या संकेतस्थळावर हौशी अभ्यासकांनी हवाई दलाच्या स्क्वॉड्रन, विमाने, अधिकारी आणि अपघात यांच्या नोंदी वर्षानुवर्षे जमवल्या. सरकारी कपाटे बंद होती, तेव्हा हे काम त्यांनी केले. संरक्षण मंत्रालयाचे युद्धनोंदी खुल्या करण्याचे धोरण आले ते 2021 मध्ये. तेही साधारण 25 वर्षांनंतर खुल्या करण्याचे.

पण अंधारही आहे. पहिला लिपीचा. पवार रोमनमध्ये कधी 'पवार', कधी 'पोवार' होतात. यंत्राला ती दोन माणसे वाटतात. ही किरकोळ बाब नाही हो! फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे डिसेंबर 1971 मध्ये सुखोई-7 घेऊन गेले, ते परतले नाहीत. पुढे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकाचे नाव आले, 'टॉम्बे'. एका अक्षराच्या फरकावर एका पत्नीने आयुष्यभराची आशा ठेवली.

दुसरा अंधार हुद्द्याचा. वैमानिकाचे नाव ठळक, पण विमान उडण्याजोगे ठेवणारा तंत्रज्ञ बहुधा गाळलेला. तिसरा गावाचा. साताऱ्याजवळचे अपशिंगे आपल्या नावापुढेच 'मिलिटरी' लावते. पहिल्या महायुद्धात कामी आलेले 46 जण गाव अजून मोजते. साताऱ्याला 1961 साली देशातली पहिली सैनिक शाळा निघाली, तिचे विद्यार्थी प्रदीप नाईक हवाई दलप्रमुख झाले. अशा मुलखातल्या माणसाच्या नोंदीत सेवा क्रमांक असतो, पण गाव-तालुका नसला तर घरच्यांनी त्याला ओळखायचे कसे?

कुणी म्हणेल, हौशी लोकांकडून किती अपेक्षा करायची? बरोबर आहे. म्हणून ही टीका त्यांच्यापेक्षा आपल्यावर जास्त आहे. सेवापुस्तिका, पत्रे, मागे नावे लिहिलेले गट-फोटो आपल्याच सांगली-साताऱ्याच्या ट्रंकांत आहेत. ते स्कॅन करा. नाव देवनागरीत लिहा, रोमनमधली सगळी रूपे द्या, गाव लिहा. फोटोतल्यांना ओळखणारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या.

त्या गृहस्थांना आम्ही म्हटले, "नोंद नाही असे म्हणू नका. अजून दिवा लावलेला नाही, एवढेच म्हणा." पुढच्या आठवड्यात ते वडिलांची पेटी घेऊन आले. त्यात काय निघाले, ते आता प्रश्नोत्तरांत त्यांच्याच तोंडून ऐकू. ते इथेच बसले आहेत.