‘लवचिकता’ की ‘तग’? एका पारिभाषिक संज्ञेची चिकित्सा

व्यवस्थापनविषयक मराठी लेखनात ‘पुरवठा साखळीची लवचिकता’ ही संज्ञा रूढ होऊ पाहत आहे. अडथळा आला तरी माल कारखान्यास व गिऱ्हाइकास मिळत राहावा, हा तिचा अभिप्रेत अर्थ. ज्या उद्योगाचे पाऊल न् पाऊल कायद्याने बांधलेले आहे, तेथे ती दिशाभूल करते, असे आमचे मत आहे.

उदाहरण जिल्ह्यातलेच घ्यावे. सावेडीहून मनमाड रस्त्याने राहुरी-कोल्हारकडे निघालेल्यास हंगामात उसाच्या गाड्यांची रांग भेटतेच. तेथून जवळच, लोणीला, प्रवरा सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 मध्ये झाला. आडसाली ऊस 16 ते 18 महिने रानात उभा असतो. तुटल्यावर मात्र गाळपास उशीर झाला की वजन व उतारा दोन्ही घटतात. 2018 च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास वाट दिली, आसवन्यांना व्याजसवलतीची कर्जे मिळाली. 7 डिसेंबर 2023 रोजी, ऐन गळितात, साखर कमी पडेल या भयाने केंद्र शासनाने रस वापरण्यास मनाई केली; 15 डिसेंबरला 17 लाख टन साखरेच्या मर्यादेत ती सैल केली; 2024-25 साठी बंधन उठले ते ऑगस्ट 2024 मध्ये. ग्राहकास साखर रास्त दरात मिळावी, हा हेतू गैर नव्हे. परंतु दीड वर्षापूर्वी लावलेला ऊस आठवड्याभरात बदललेल्या आज्ञेपुढे ‘लवचिक’ कसा व्हावा?

दोष शब्दातच आहे. लवचिकता हा वाकणाऱ्याचा गुण. वाकवणाऱ्याविषयी तो शब्द मौन पाळतो. ‘साखळी’ही येथे अपुरी पडते, कारण उसाला रस, मळी, बगॅस असे फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यावर निराळा नियम उभा असतो.

‘तग धरणे’ हा आपला जुना वाक्प्रचार अधिक प्रामाणिक आहे. (दुष्काळातल्या ‘तगाई’शी त्याचे नाते नाही, तो शब्द अरबी ‘तकावी’चा.) पावसाविना पीक तग धरते ते जमिनीतील ओलीवर, म्हणून ‘तग’ म्हणताच ओल कशाची, हा प्रश्न येतो. नियंत्रित उद्योगाची ओल म्हणजे बदलाची आगाऊ सूचना, आणि रसाकडून मळीकडे वा साखरेकडे वळण्याची नियमातच लिहून ठेवलेली मुभा. ती देणे कारखान्याच्या हाती नाही.

‘तग’पासून विशेषण सहज साधत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि ‘तगक्षम’ असा संकर घडवण्यापेक्षा ‘तग धरणारी पुरवठाव्यवस्था’ असे दोन शब्द अधिक लिहिलेले बरे.