टाकणे आणि वेचणे : एका ऑनलाइन अभ्यासपानाचे वाचन

"नोट्स टाकल्या आहेत, बघून घ्या." २०२० च्या टाळेबंदीत हे वाक्य घरोघरी पोचले आणि टाळेबंदी उठल्यावरही महाविद्यालयांतून गेले नाही. त्यातले क्रियापद मला तेव्हापासून खटकत आले आहे. मराठीत आपण पत्र पेटीत टाकतो, मूल शाळेत टाकतो, चहात साखर टाकतो आणि कचराही टाकतो. नोट्स यांपैकी कोणत्या अर्थाने टाकल्या जातात?

प्रश्न मनात राहिला असता, पण दोन वर्षांपूर्वी एका प्राध्यापक मित्राने बी.ए.च्या मराठी गद्याच्या पेपरचे साहित्य मूडलवर लावायला मदत मागितली. मूडल म्हणजे महाविद्यालयाचा ऑनलाइन वर्ग : प्रत्येक विषयाला एक पान, त्यावर घटकवार साहित्य, स्वाध्याय, चाचण्या. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. छापखान्यात डीटीपी करता करता वाचायला लागलेला माणूस. जुन्या क्रमिक पुस्तकांचा नाद लागला तोही तिथेच. म्हणून ते पान मी पुस्तक वाचावे तसे वाचायला घेतले.

पानावर चार घटक होते आणि त्यांखाली सत्तावीस फाइली. 'एसवाय सेम तीन युनिट दोन फायनल नवीन' हे त्यांतल्या एकीचे नाव. तिच्याखाली 'फायनल नवीन दोन'. दोन्हींत फरक काय, हे उघडून शेजारी शेजारी लावल्याशिवाय कळत नव्हते आणि लावल्यावर कळले की फरक नाहीच. बऱ्याच फाइली पुस्तकांच्या पानांचे स्कॅन होते. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात 'निबंधमाला' हा शब्द शोधायला गेलात तर पडद्यावर डोळ्यांसमोर असूनही तो सापडत नाही. आणि फोनकडून मजकूर वाचून घेणाऱ्या अंध विद्यार्थ्याला तर ती फाइल कोरीच.

काही वर्ड फाइली उघडल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा. मला हसू आले, मग लाज वाटली. युनिकोडपूर्वीच्या ज्या फॉन्टांत त्या टंकलेल्या होत्या, त्यांत मी स्वतः पंधरा वर्षे पोट भरले आहे. ते फॉन्ट खाली रोमन संकेत ठेवून वर देवनागरीचे चित्र दाखवत. छापून कागद हातात आला की काम संपायचे, त्यामुळे खाली काय आहे याची फिकीर कुणाला नव्हती. आज तो फॉन्ट नसलेल्या फोनवर वरचे चित्र गळून पडते आणि आम्ही झाकून ठेवलेले खालचे उघडे पडते.

पण फॉन्ट बदलता येतो, स्कॅन पुन्हा करता येतो. पानातला खरा दोष मला दाखवला तो एका विद्यार्थिनीने. दिवसा दुकानात काम करून रात्री फोनवर अभ्यास करणारी ही मुलगी. तिने विचारले, "सर, यातलं आधी काय वाचू?" मी सत्तावीस फाइलींवरून नजर फिरवली. त्या पानावर या प्रश्नाला उत्तर देणारे एकही वाक्य नव्हते.

इथे मला परशुरामतात्या गोडबोले आठवले. १८५४ साली त्यांनी 'नवनीत' सिद्ध केले : जुन्या मराठी कवितेचे, विद्यार्थ्यांसाठी काढलेले वेचे. त्या ग्रंथातही दुसऱ्यांचेच साहित्य एकत्र आणलेले आहे. पण प्रत्येक कवीच्या वेच्यांना संकलकाने त्या कवीच्या माहितीची जोड दिली. कोण आधी, कोण नंतर, कुणाला किती जागा, हे सगळे ठरवले. ते ठरवणे आज आपल्याला पटेलच असे नाही. अनेकांना पटलेले नाही. पण भांडायला समोर कुणीतरी आहे. 'वेचणे' या शब्दात वाकणे आहे, निवडणे आहे आणि उरलेले मागे सोडणेही आहे. सत्तावीस फाइलींच्या पानाशी भांडायचे म्हटले तरी भांडणार कुणाशी?

दुसरा दाखला माझ्या घरातला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. माझी पदवी तिथलीच. ती पुस्तके दिसायला रूक्ष. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मग प्रास्ताविक, मध्येच स्वयं-अध्ययनाचे प्रश्न. प्रेसमध्ये रात्रपाळीला शाई सुकेपर्यंत मी ती वाचत असे. प्रश्नाशी अडलो की मागची पाने उलटायची, इतका साधा व्यवहार. वाङ्मय म्हणून त्या गद्यात फारसे काही नाही. पण वाचणारा एकटा आहे, शेजारी विचारायला कुणी नाही, हे लिहिणाऱ्याने धरून चाललेले होते. ऑनलाइन पानाचा वाचकही तसाच एकटा असतो. फक्त त्याच्या शिक्षकाला वाटते की वर्गात आपण बोललोच आहोत.

केंद्र सरकारच्या 'स्वयम्' व्यासपीठाने (२०१७) यावर चार भागांचा साचा दिला : व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा, स्वयंचाचणी. साचा ठीक आहे. काय काय असावे ते तो सांगतो. व्हिडिओकडून वाचनाकडे जाताना विद्यार्थ्याला कोणता हात धरायला द्यायचा, ते ज्याचे त्याने पाहायचे.

मूडलवर मात्र दोष ढकलता येणार नाही. त्याचा जनक मार्टिन डुजियामास हा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात वाढला आणि लहानपणी रेडिओवरच्या शाळेत शिकला. म्हणजे दुरून येणारा शिक्षकाचा आवाज काय असतो हे त्याला ठाऊक होते. पर्थच्या कर्टिन विद्यापीठात असताना त्याने हे काम सुरू केले आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये पहिली आवृत्ती आली. साहित्य लावण्यापूर्वी मूडलमध्ये एक कळ दाबावी लागते. तिचे नाव 'संपादन'. त्यात शिक्षकांच्या दोन भूमिका आहेत. एक नुसता शिक्षक, जो पान घडवू शकतो. दुसरा 'संपादन न करणारा शिक्षक', जो शिकवू शकतो, गुण देऊ शकतो, पण पानाला हात लावू शकत नाही. आपल्याकडे बहुतेकांना पहिली भूमिका दिलेली असते आणि वागतात ते दुसरीसारखे. दोन फाइलींच्या मध्ये चार ओळी लिहायची सोयही त्यात आहे. माझ्या मित्राच्या पानावर ती एकदाच वापरलेली होती : 'ऑल द बेस्ट'.

मित्राला मी हे थोडे चढ्या आवाजात ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "मला तासिकेचे पैसे मिळतात. हे पान कोणत्या तासिकेत बसतं?" घड्याळी तासिका तत्त्वावर तो बारा वर्षे आहे. मूल्यांकन समिती यायच्या आठवड्यात वरून निरोप आला होता, सगळ्यांनी साहित्य टाकून मोकळे व्हा. मोजल्या जाणार होत्या त्या फाइली. मधली वाक्ये मोजायला रकाना नव्हता. गोडबोल्यांशी त्याची तुलना करताना मी हे विसरलो होतो. टीकाकाराला असे विसरणे सोपे जाते.

मग आम्ही दोघे बसलो. सत्तावीसच्या अकरा फाइली केल्या, त्यांतले वर्डचे मजकूर युनिकोडमध्ये आणले. उरलेल्यांपैकी तीन कामाच्या होत्या, त्या 'जास्तीचे वाचन' म्हणून तळाशी नेल्या. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर दोन-तीन वाक्ये लिहिली, ती त्याने सांगितली आणि मी टंकली. 'हा उतारा आधी वाचा. भाषा जड वाटेल, दुसऱ्या परिच्छेदानंतर सुटेल.' किंवा, 'लेखकाचे हे मत मला मान्य नाही. गेल्या मंगळवारी वर्गात का ते बोललो, तुमचे मत खाली लिहा.' चिपळूणकरांच्या उताऱ्याखाली नऊ जणांनी लिहिले. दुकानातल्या मुलीने लिहिले की लेखक चिडलेला आहे हे कळले, कशावर ते कळले नाही. त्या उताऱ्याला कोणती टीप हवी होती, ते आम्हाला त्यावरून समजले.

यंदा नव्या तुकडीसाठी पान तसेच्या तसे नकलून घेतले गेले. मूडलमध्ये ते दोन-चार क्लिकांचे काम. मित्राचा तास यंदा दुसऱ्या कुणाकडे आहे. जूनअखेर त्या पानावर एका मुलाचा प्रश्न आला आणि मित्राने तो मला फोनवर वाचून दाखवला : "सर, गेल्या मंगळवारी म्हणजे कोणत्या? आमचे तास अजून सुरू झाले नाहीत."