धर्मराजाचा कुत्रा

दिवाळी आली की आमच्या डोंबिवलीत अजूनही इमारतींच्या आवारात पोरे मातीचे किल्ले करतात. हळीव पेरून हिरवळ उगवतात, सिंहासनावर महाराज बसवतात, बुरुजांवर मावळे उभे करतात आणि एका गुहेत पिवळाजर्द वाघ ठेवतात. कुत्रा मात्र मला त्या किल्ल्यांवर सहसा दिसलेला नाही. वास्तविक जो कोणी माहुलीला, मलंगगडावर किंवा राजमाचीला जाऊन आला असेल त्याला विचारावे. वाघ त्याने पाहिलेला नसतो. पण पायथ्याच्या पाड्यावरचे एखादे कुत्रे, न बोलावता, अर्ध्या वाटेपर्यंत तरी त्याच्याबरोबर आलेले असते. डोंगरात सर्वांआधी भेटणारा हा सोबती आपल्या किल्ल्यावर नाही. मग मनात आले, तो आपल्या वाङ्‌मयात तरी आहे काय?

आहे, आणि चांगला मानाने आहे. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री आहेत; पण ते चार वेद आहेत असे आपण लगेच सांगतो. जेजुरीच्या खंडोबाचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. पण तिथे कुत्रा म्हणजे भक्त. रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ वाघ्याचे स्मारक आहे. राम गणेश गडकऱ्यांनी आपल्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकातून त्याला मान दिला. त्याला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही असे अनेक अभ्यासक म्हणतात, आणि त्यावरून २०१२ साली व पुन्हा २०२५ साली मोठे वादही झाले. त्या वादात मला पडावयाचे नाही. मला एवढेच दिसते की तिथेही कुत्रा म्हणजे स्वामिनिष्ठा. कोठे वेद, कोठे भक्ती, कोठे निष्ठा! ज्याला तहान लागते, ज्याचे पाय पोळतात, असा साधा कुत्रा यांत कोठे आहे?

तुम्ही म्हणाल, धर्मराजाचा कुत्रा विसरलात काय? विसरलो नाही. खरे म्हणजे त्याच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला. डोंगरवाटेवर माणसाला कुत्र्याची सोबत, या विषयावर जगात याहून मोठी कथा मला ठाऊक नाही. महाभारतातील महाप्रस्थानिक पर्व अगदी लहान आहे. पाच पांडव, द्रौपदी आणि सातवा कुत्रा हस्तिनापुरातून निघतात. ते आधी पूर्वेला जातात, मग दक्षिणेला, मग समुद्राने गिळलेली द्वारका पाहत पश्चिमेला, आणि शेवटी उत्तरेला हिमालयाकडे. म्हणजे त्या कुत्र्याने साऱ्या भरतखंडाची प्रदक्षिणा केली! एवढ्या वाटेत तो काय खात होता, कोठे निजत होता, याविषयी महाकवी एक शब्द बोलत नाही. तो मागून येत होता, एवढेच सांगतो.

पुढे द्रौपदी पडते. मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम क्रमाने पडतात. युधिष्ठिर प्रत्येकाचा दोष सांगतो आणि मागे न पाहता चालू लागतो. हा भाग वाचताना माझे मन नेहमी थोडे दुखावते. पत्नीसाठी आणि भावांसाठी न थांबणारा हा माणूस, इंद्र रथ घेऊन येतो तेव्हा कुत्र्यासाठी अडून बसतो. इंद्रही हेच विचारतो. त्यावर युधिष्ठिराचे उत्तर असे की मेलेल्यांना मी परत उठवू शकत नव्हतो, म्हणून त्यांना सोडले. जिवंत असताना सोडले नाही. हा मात्र जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाने आला आहे. त्याला टाकून मला स्वर्ग नको.

कथेचा कळस इथेच आहे, असे माझे मत आहे. यानंतर तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे उघड होते. पण युधिष्ठिराने 'नाही' म्हटले तेव्हा त्याला ते ठाऊक नव्हते. त्याच्या समोर होता तो एक दमलेला, धुळीने माखलेला, स्वर्गाच्या दारी ज्याला जागा नाही असा प्राणी. त्या नकाराची सारी किंमत त्या न कळण्यात आहे. आणि आपले कथेकरी, बालवाङ्‌मयकार आणि आम्ही शाळामास्तर नेमके तेच निसटू देतो. आम्ही घाईघाईने रहस्यावर येतो. 'धर्मराजाबरोबरचा कुत्रा कोण होता?' असा प्रश्न घालतो आणि 'यमधर्म' असे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला एक गुण देतो. तो नुसता कुत्राच निघाला असता तर धर्मराजाचे चुकले असते काय, हा प्रश्न कोणी घालत नाही. मग मुलाच्या मनात उरते ते असे, की कुत्र्याला सांभाळावे, न जाणो, देव निघायचा! ही दया नव्हे. ही सोडत आहे.

व्यासांचा हेतू असा नव्हता, याला महाभारतातच पुरावा आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू शिरते आणि राजाचे भाऊ त्याला बडवून हाकलतात. पिल्लू रडत आईला सांगते की मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे तर दूरच. सरमा त्या भावांना जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती म्हणते, निरपराध्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे संकट येईल. ग्रंथाच्या आरंभी विनाकारण मार खाल्लेले कुत्रे आणि शेवटी न टाकलेले कुत्रे! एवढी मोठी इमारत अशा दोन खांबांमध्ये उभी राहावी हे मला सहज घडलेले वाटत नाही. आणि सरमेचे ते पिल्लू अखेरपर्यंत पिल्लूच राहते. त्याच्यातून कोणी देव प्रकट होत नाही.

परक्या वाङ्‌मयात पाहावे तर जॉन म्युर या निसर्गप्रेमी लेखकाचे 'स्टिकीन' हे चिमुकले पुस्तक १९०९ साली निघाले. १८८० साली अलास्कातील एका हिमनदीवर वादळात म्युर आणि एक लहानसे काळे कुत्रे अडकले. खोल भेगेवर बर्फाचा सुरीच्या पात्यासारखा अरुंद पूल होता. म्युर बर्फात पायऱ्या खोदत पार झाला, आणि कुत्रे पलीकडे भीतीने रडत राहिले. अखेर ते एकेक पाऊल जपून टाकीत आले आणि आनंदाने वेडे होऊन धावू लागले. जॉन स्टाइनबेक १९६० साली चार्ली नावाच्या पूडलला घेऊन, मागे राहण्याची खोली बांधलेल्या मोटारीतून अमेरिका पाहावयास निघाला. १९६२ सालच्या त्याच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. यलोस्टोनच्या राखीव रानात शिरताना आपला चार्ली फार शांत आहे अशी तो ग्वाही देतो. आणि अस्वले दिसताच तोच चार्ली असा खवळतो की मालकाला मोटार परत वळवावी लागते. आपल्या सोबत्याला आपण पुरते ओळखत नव्हतो, हे लेखक मुकाट्याने कबूल करतो. कुत्र्याला कुत्रा राहू दिल्यामुळेच ही कबुली त्या पुस्तकात आली.

मराठीत या वाटेने जाणारे गो. नी. दांडेकर मला जवळचे वाटतात. 'माचीवरला बुधा' ही मुंबई सोडून राजमाचीवर राहावयास परतलेल्या माणसाची कथा. त्याच्या झोपडीशी झाडे आहेत, पाखरे आहेत, कुत्रे आहे; आणि त्यांपैकी कोणावरही कशाचे प्रतीक होण्याची सक्ती नाही.

हे सारे मी पुस्तकांतून शिकलो असे म्हणावयास आवडले असते. पण तसे घडले नाही. काही वर्षांपूर्वी शाळेची मुले घेऊन आम्ही आसनगावाहून माहुलीला गेलो होतो. आदल्याच आठवड्यात मी वर्गात महाप्रस्थानाची गोष्ट सांगितली होती, अर्थात रहस्यासकट. पायथ्याचे एक तांबूस कुत्रे मुलांच्या बिस्किटांच्या आशेने मागे लागले. ऊन चढले तसे ते जीभ बाहेर काढून धापा टाकू लागले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला अंग निववावे लागते, आणि तापल्या कातळावर त्याचे तळवे पोळतात. हे तेव्हा माझ्या ध्यानीही नव्हते. माथ्याजवळच्या लोखंडी शिडीशी आलो. ती चढणे त्याला शक्य नव्हते. मुले भराभर वर गेली. एक मुलगा खालीच उभा राहिला.

"चल रे," मी ओरडलो.

"सर, मी नाही येत. आपणच त्याला इथवर आणलंय."

मी रागावलो. शेवटी आमचे एक सहकारी त्याच्याबरोबर खाली थांबले. तासा-दीड तासाने आम्ही उतरलो तेव्हा मुलगा सावलीत बसला होता आणि डब्याच्या झाकणात पाणी ओतून त्या कुत्र्याला पाजत होता. गड त्याने पाहिलाच नाही. परतीच्या गाडीत मी त्याला विचारले, तो कुत्रा कोण असेल असे तुला वाटले? त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले. "कोण म्हणजे? पाड्यावरचा आहे, सर."

त्या वर्षीपासून मी परीक्षेत तो एका गुणाचा प्रश्न घालत नाही. आणि डोंगरात मुलांना घेऊन जाताना आधी सांगतो, की बिस्किटांनी कोणाला वर ओढून नेऊ नका. रानात बिबट्या असतो, पुढे शिडी असते. आणि तरीही कोणी आपण होऊन मागे आलेच, तर पाण्याचा हिशेब एकाने वाढवा.