ओरखडा पडल्यावर काय?

ग्राफीन मिसळलेल्या गंजरोधक रंगांविषयी अलीकडे बरेच छापून येते. ते वाचताना आम्हाला एक गोष्ट सतत खटकते. त्यातला रंगाचा थर नेहमी अखंडच असतो.

मूळ कल्पना चांगली आहे. इपॉक्सीसारख्या बहुवारिकाचा थर वाटतो तितका बंदिस्त नसतो. पाणी आणि ऑक्सिजन त्यातून सावकाश झिरपतात. त्यात नॅनोमीटर जाडीचे रुंद पापुद्रे आडवे पसरले, तर रेणूंना वळसे घेत जावे लागते. रंगात अभ्रकाचे चपटे कण घालण्याची जुनी युक्ती हीच. (पापुद्रे एकमेकांना चिकटून गोळे झाले, की हा लाभ जातो.)

पण ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा एकच थर, आणि तो वीज वाहून नेतो. समजा, पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या दरवाजाला असा रंग दिला आणि वाहत आलेल्या ओंडक्याने तो खरवडला. उघड्या लोखंडाला ग्राफीन टेकले आणि पाणी मिळाले, की विद्युतघट तयार होतो. त्यात झिजते ते लोखंड! जस्ताचा मुलामा नेमके उलट करतो. स्वतः झिजून लोखंड वाचवतो. २०१३ मध्ये बर्कलेच्या संशोधकांना नुसत्या ग्राफीनने झाकलेले तांबे दीर्घकाळात उघड्या तांब्यापेक्षा जास्त गंजलेले आढळले. रंगात पापुद्रे सुटे आणि थोडे असतील तर धोका कमी, हे मान्य. पण मग प्रमाण किती, हे ठळकपणे सांगायला नको का?

वर्गात हे सहज पाहता येते. दोन खिळे घासून मिठाच्या पाण्यात ठेवा. एकाला पेन्सिलीचे शिसे दोऱ्याने घट्ट बांधा. कोणता आधी गंजतो?

चाचण्याही बहुधा साडेतीन टक्के मिठाच्या पाण्यात होतात. हिंगोलीला समुद्र नाही. इथे रंगाला मे महिन्यातले ऊन तडकवते आणि त्या भेगांत जूनचा पाऊस शिरतो.

गंमत म्हणजे वीज न वाहणारे द्विमितीय द्रव्य या जिल्ह्याच्या शेतातच आहे. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइटचा एकेक थर सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा असतो. त्याचेही रंगांत प्रयोग झाले आहेत, पण ग्राफीनइतका गाजावाजा त्यांच्या वाट्याला आला नाही. त्याचा दोष वेगळा : थरांमध्ये पाणी शिरते, म्हणून तर ही माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. रंगात घालण्यापूर्वी सेंद्रिय क्षारांची प्रक्रिया करून तिची ही पाण्याची ओढ कमी करावी लागते.