परिवर्तनीय वास्तू : घटक आणि अधिकार

वास्तुरचनेच्या चर्चेत 'परिवर्तनीयता' हा शब्द आज प्रशंसावाचक झाला आहे. ठरावीक मापाच्या सुट्या घटकांची इमारत उभारावी आणि काळ पालटला की ते घटक काढून, हलवून वा वाढवून वसतिगृहाचे वाचनालय किंवा गोदामाचे समाजमंदिर करावे, अशी ही कल्पना होय. ती आकर्षक आहे यात संशय नाही. तथापि घटक सुटा असणे आणि वास्तूचा उपयोग पालटता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे या पंथातील काही गाजलेल्या कृतींचे मूल्यमापन अपुरे राहिले आहे, असे आम्हांस वाटते.

किशो कुरोकावा यांचा टोकियोतील नाकागिन कॅप्सूल टॉवर (१९७२) हे याचे ठळक उदाहरण. १९६० साली उदयास आलेल्या 'मेटाबोलिझम' या जपानी संप्रदायाची नगर ही सजीवाप्रमाणे पेशी टाकीत व घेत वाढणारी वस्तू आहे, अशी श्रद्धा होती. त्या श्रद्धेचे हे मूर्त रूप. दोन उंच स्तंभ, आणि त्यांना प्रत्येकी चार बोल्टांनी जोडलेल्या १४० कोठड्या. सुमारे २५ वर्षांनी जुनी कोठडी उतरवून नवी बसवावी, असा संकल्प होता. प्रत्यक्षात एकही कोठडी कधी बदलली गेली नाही. त्या एकमेकींच्या इतक्या निकट रचल्या होत्या, की खालची काढावयाची तर वरच्याही उतरविणे भाग होते. शिवाय प्रत्येक कोठडीचा मालक निराळा. एकाची दुरुस्ती हा अनेकांच्या संमतीचा व खर्चाचा प्रश्न झाला. २०२२ मध्ये वास्तू उतरविण्यात आली. २३ कोठड्या जतन करण्यात आल्या आणि त्यांपैकी काही संग्रहालयांत गेल्या. पेशी पालटत राहावी म्हणून योजलेली वस्तू अखेर प्रेक्षणीय अवशेष ठरली! दोष केवळ बोल्टाचा नव्हे. बदल करण्याचा निर्णय कोणी, कोणत्या पातळीवर घ्यावयाचा, याचा विचार त्या आराखड्यात नव्हता.

हा विचार डच वास्तुविद जॉन हाब्राकेन यांनी १९६१ सालीच आपल्या ग्रंथात मांडला होता. इमारतीचा टिकाऊ आधार हा समाजाच्या निर्णयाचा विषय, आणि आतील भरण रहिवाशाच्या निर्णयाचा. या दोहोंची फारकत झाली, की एकास हात लावताना दुसऱ्याची अनुज्ञा लागत नाही. येथे मापाच्या जुळणीपेक्षा अधिकाराची विभागणी महत्त्वाची आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. नाकागिनमध्येही स्तंभ आणि कोठडी वेगळी होती. परंतु ती वेगळीक बांधकामापुरती होती, निर्णयाची नव्हती.

प्रत्यक्ष लोकोपयोगासाठी ही दृष्टी इंग्लंडमध्ये सेड्रिक प्राइस यांनी योजिली. नाट्यदिग्दर्शिका जोन लिटलवुड यांच्यासह १९६१ पासून कल्पिलेला त्यांचा 'फन पॅलेस' उभा राहिला नाही. त्याच विचाराचे लहान रूप म्हणजे लंडनच्या केंटिश टाउन भागातील 'इंटर-ॲक्शन सेंटर'. १९७० च्या दशकात बांधलेल्या या केंद्रात उघडा पोलादी सांगाडा होता आणि गरजेप्रमाणे त्यात तयार खोल्या बसविल्या जात. सांगाड्यात मोकळी जागा शिल्लक ठेवणे हेच त्याचे खरे वैशिष्ट्य. पुढे या वास्तूस संरक्षित दर्जा देण्याची सूचना आली, तेव्हा प्राइस यांनी स्वतःच तिला विरोध केला. २००३ साली ती पाडण्यात आली. वास्तूस आयुष्याची मर्यादा असावी, या आपल्या तत्त्वाशी ते प्रामाणिक राहिले, हे त्यांचे मोठेपण खरे. तरीही एक प्रश्न उरतोच. आयुष्य संपले हे ठरविण्याचा पहिला मान कोणाचा, रचनाकाराचा की वापरणाऱ्या समाजाचा? वास्तू समाजास वाहिली असे म्हणावयाचे आणि तिच्या अंताविषयी कर्त्याचेच मत प्रमाण मानावयाचे, यात विसंगती आहे.

आपल्याकडील उदाहरण या दृष्टीने बोधप्रद ठरते. नवी मुंबईतील बेलापूरच्या वसाहतीत (१९८३–८६) चार्ल्स कोरिया यांनी सात-सात घरे एका लहान चौकाभोवती मांडली, आणि अशा तीन गटांच्या मधोमध थोडा मोठा चौक ठेवला. दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. त्यामुळे शेजाऱ्याची संमती न घेता प्रत्येकास आपले घर वाढविता आले. आज अनेक मूळ घरांच्या जागी मोठी पक्की घरे दिसतात आणि कोरियांच्या उतरत्या छपरांचे सौंदर्य पुष्कळसे लोपले आहे. टीकाकार याला रचनेचा पराभव म्हणतील. आमच्या मते तो तिचा हेतू सफल झाल्याचा पुरावा आहे. घर कुटुंबाच्या स्वाधीन होते, ते पालटले. चौक सर्वांचा होता, आणि त्याच्याभोवतीची मांडणी अद्याप ओळखू येते. येथे कारखान्यातून आलेला एकही घटक नाही. परिवर्तनीयता मात्र नाकागिनहून कितीतरी अधिक आहे.

यास्तव अशा आराखड्याची परीक्षा करताना घटकाचे माप आणि जोडाची युक्ती पाहून थांबणे योग्य नव्हे. कोणता भाग कोणाच्या निर्णयाने बदलेल, त्यासाठी किती जणांची संमती लागेल, आणि पुढील पिढीच्या अज्ञात गरजेसाठी कोणती जागा बुद्ध्या रिकामी ठेवली आहे, हेही आराखड्यातच दिसावयास हवे. सार्वजनिक पैशाने उभ्या राहणाऱ्या समाजमंदिरांच्या, शाळांच्या आणि वसतिगृहांच्या बाबतीत तर ही परीक्षा बांधकामापूर्वीच झाली पाहिजे. कारण तेथे चुकीच्या जोडणीची किंमत ती वास्तू वापरणाऱ्यांनाच भरावी लागते.